वेणीमाधव मास्तरांचा नकाशा

फिनलंड कुठे आहे हे ठाऊक असलेला भवानी पेठेत एकच माणूस होता, आणि तो आमच्या समोर राहायचा. वेणीमाधव मास्तर. आमच्याच शाळेत ते भूगोल आणि चित्रकला शिकवायचे, मी मराठी. भूगोल आणि चित्रकला एकाच माणसाच्या गळ्यात पडले की नकाशे तेवढे उत्तम होतात, बाकी दोन्ही विषयांची तब्येत बेताचीच राहते. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी भिंतभर आशिया खंड रंगवला होता. भारत पिवळा, चीन तांबडा, नेपाळ जांभळा, आणि या सगळ्यांच्या बेचक्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा हिरवा सिक्कीम. बांगलादेश झाला तेव्हा मास्तर दुसऱ्याच दिवशी ब्रश घेऊन स्टुलावर चढले होते. भिंत एक दिवसही खोटं बोलता कामा नये, असं ते म्हणाले.

संध्याकाळी ते ओट्यावर पेपर घेऊन बसत. ऐकायला मी आणि कोपऱ्यावरचे किराणावाले सिद्धप्पा. विषय ठरलेला: मोठी राष्ट्रं लहान शेजाऱ्यांना कशी गिळतात. हंगेरी झालं, प्राग झालं, क्यूबा झालं, आणि रशियाला खेटून असलेलं फिनलंड तर रोजच व्हायचं. सिद्धप्पा दर वेळी विचारायचे, "पण मास्तर, तितं ज्वारी पिकती का?" मास्तर चिडायचे. ज्या देशात ज्वारी पिकत नाही त्याच्या स्वातंत्र्याची काळजी करायला सिद्धप्पांना जड जात असे.

"मोठा देश एकदम चालून येत नाही," मास्तर चष्मा पुसत सांगायचे. "आधी तो काहीतरी मागायला येतो. मग काहीतरी द्यायला येतो. दिलेल्या वस्तूची राखण करायला माणूस ठेवतो. त्या माणसाच्या मागून आणखी माणसं येतात. आणि सगळ्यात शेवटी नकाशा येतो. नकाशा आला की संपलं."

हे सगळं ज्या ओट्यावर बसून चालायचं, त्याला लागूनच आबासाहेबांची भिंत होती. आबासाहेब मूळचे वैरागचे. दोन मागांवर सुरुवात करून चोवीस मागांवर पोचलेले, आणि जोडीला सूत रंगवायचा कारखाना. आबासाहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर मास्तरांना कळलं असतं.

मास्तरांच्या घरामागे परडं होतं आणि परड्यात आड. मास्तरांच्या वडिलांनी खणलेला. या आडावर खरा जीव गोदावरीवहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा. आडाशेजारी त्यांनी शेवगा लावला होता, आणि त्याच्या सावलीत त्या शेवया वाळवायच्या. बहात्तरच्या दुष्काळात नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं, तेव्हा या आडाचा तळ मात्र दिसला नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराला वहिनींनी रोज दोन घागरी पाणी दिलं. स्वतः रहाटापाशी उभ्या राहायच्या. कुणाला नाही म्हणाल्या नाहीत, आणि कुणाला तिसरी घागरही दिली नाही.

त्याच उन्हाळ्यात आबासाहेब पहिल्यांदा परड्यात आले. चपला बाहेर काढून आले, हे मास्तरांना फार आवडलं.

"मास्तर, दहा बादल्या पानी द्या. सूत भिजत घातलंय, ते नासंल. मानसं घरी बसवावी लागत्यात."

कामगारांचा प्रश्न निघाल्यावर मास्तर विरघळले. वहिनी म्हणाल्या, "दहा म्हणजे दहाच हं." दहाच नेल्या. दुसऱ्या दिवशीही दहाच नेल्या. पाऊस झाला, दुष्काळ सरला, नळ सुरू झाले, आणि आबासाहेबांच्या दहा बादल्या चालूच राहिल्या, कारण नळाच्या पाण्याने म्हणे रंग धरत नव्हता.

मग एक दिवस आबासाहेब मोटार घेऊन आले. पाणी ओढायची, विजेवर चालणारी, नवीकोरी. "वैनींनी किती दिस रहाट वढायचा? म्हातारपनी हात धरत्यात. ही माज्याकडनं भेट समजा." एक तोटी वहिनींच्या न्हाणीघरात, एक नळी भिंतीपलीकडे. नळी जायला भिंतीच्या दोन विटा काढाव्या लागल्या. पुढे नळी दुरुस्त करायला माणूस आत यायला हवा म्हणून आणखी काही विटा गेल्या, आणि अशा एकेक विटा काढत बसण्यापेक्षा दारच बरं म्हणून दार आलं. मोटार चोरीला जाऊ नये म्हणून कुंडलिक नावाचा राखणदार आला. त्याची बाज शेवग्याखाली पडली.

मी एकदा मास्तरांना म्हटलं, "मास्तर, मागणं झालं, देणं झालं, राखणदारही आला. तुमचा फिनलंड होतोय की काय?"

मास्तर मोठ्याने हसले. "अहो, हा शेजारधर्म आहे. आंतरराष्ट्रीय राजकारण वेगळं असतं. तुम्ही मराठीवाले सगळीकडे उपमा शोधता."

यावर मी गप्प बसलो. खरं म्हणजे गप्प बसायला मला कारण होतं. माझा धाकटा भाऊ आबासाहेबांकडे माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून लागला होता. सिद्धप्पांकडून कारखान्यातल्या चाळीस घरांचा किराणा जायचा. गल्लीत ज्याचं त्याचं आबासाहेबांशी काही ना काही देणंघेणं होतं, त्यामुळे आम्ही सगळे अलिप्त राष्ट्रं होतो.

पुढच्या वर्षी परड्यात बांबू आले. रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालायला कारखान्यात जागा पुरेना. बायका सकाळी येत, लाल-हिरव्या लडी टांगत, आणि जाताना वहिनींशी चार गोष्टी बोलत. वहिनींना बायकांचा त्रास नव्हता. पण एका शनिवारी त्या अक्कलकोटला दर्शनाला गेल्या आणि संध्याकाळी परतल्या तर शेवगा तोडलेला. त्याच्या सावलीने सूत लवकर वाळत नव्हतं.

"अहो, झाड गेलं," त्या दारातूनच म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

मास्तर त्या वेळी आम्हाला तिबेटबद्दल सांगत होते. "शेवगाच ना तो," ते म्हणाले. "आबासाहेब शेंगा पाठवून देतील."

आबासाहेबांनी खरोखरच शेंगा पाठवल्या. पाटीभर. वहिनींनी त्या तशाच मला आणून दिल्या, आणि आमच्या घरी त्या दिवशी आमटी झाली. ती गोड लागली हे कबूल करायला मला आजही लाज वाटते.

मास्तरांचा मुलगा मुकुंद मॅट्रिक होऊन घरी बसला होता. त्याला आबासाहेबांनी कारखान्यात कारकून केलं. आता मास्तरांच्या घरात तीन माणसं, त्यातलं एक पलीकडे नोकरीला, एक पलीकडच्यांच्या उपकारात आणि एक स्वयंपाकघरात.

पंचाहत्तरच्या सुरुवातीला पेठेत सिटी सर्व्हेची चौकशी निघाली. कुणाची वहिवाट कुठवर, ते प्रत्येकाने लिहून द्यायचं होतं. आबासाहेब पुन्हा चपला काढून ओट्यावर आले.

"मास्तर, सरकारी मोजनीदार येतो, कायबी वाकडंतिकडं काढतो. तुमच्यासारका हात उभ्या सोलापुरात न्हाय. आपल्या दोन्ही घरांचा नकाशा तुमीच काढा की."

माणसाला त्याच्या विद्येवरून हाक मारली की तो उघडा पडतो. तीन रविवार मास्तर टेप घेऊन परड्यात फिरत होते. टेपचं दुसरं टोक कुंडलिकच्या हातात. अडचण एकच होती. जुनी भिंत आता राहिली नव्हती. सुताच्या हातगाड्या नेण्यासाठी ती केव्हाच उतरवली होती, आणि सुताच्या बांबूंभोवती घातलेलं कुंपण सरकत सरकत आडाच्या अलीकडे आलं होतं. म्हणजे मास्तरांच्या न्हाणीघरापासून चार पावलांवर.

शेवटच्या रविवारी मी तिथेच होतो. मास्तर ओट्यावर पाट घेऊन शाईने रेघ ओढत होते. वहिनी हात पुसत आल्या आणि कागदाकडे पाहत राहिल्या.

"अहो, आड पलीकडे गेला."

"कुंपण जिथं आहे तिथंच मी दाखवलंय."

"पण कुंपण त्यांनी घातलंय. आड मामंजींचा आहे. रेघ थोडी पुढे ओढली तर तुमची शाई संपणार आहे का?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांना राग आला होता, आणि तो अगदी प्रामाणिक राग होता. "गोदावरी, नकाशा मनात असेल तसा काढायचा नसतो. जमिनीवर असेल तसा काढायचा असतो. तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलंय. आपल्या सोयीसाठी मी खोटी रेघ ओढू?"

ज्या रेघेने स्वतःचं घर बुडतं ती तरी खोटी असणार नाही, एवढी त्यांना खात्री होती.

नकाशा सुरेख झाला. उत्तरेचा बाण तर इतका देखणा की आबासाहेब बराच वेळ त्याच्याकडेच पाहत होते. सोबत संमतीपत्र होतं. "घरातल्या समद्यांची संमती पायजे," आबासाहेब म्हणाले. "मागनं कुनी म्हनायला नको, की आबासाहेबानं दांडगाई केली." मास्तरांनी सही केली. मुकुंदने केली. कागद वहिनींपुढे आला.

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

 आबासाहेब हसून म्हणाले, "असू दे. दोगं व्हय म्हनत्यात, एक न्हाय म्हनतं. लोकशाही हाय." साक्षीदार म्हणून त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. मी भावाचा विचार केला आणि सही केली.

त्याच आठवड्यात सिक्कीमची बातमी आली. तिथे मतदान झालं होतं आणि तो देश भारतात येणार होता. जन्मभर लहान देशांची बाजू घेतलेले मास्तर आता काय म्हणतात, याची मला उत्सुकता होती. मास्तर आनंदात होते.

"याला गिळणं म्हणत नाहीत," ते म्हणाले. "आधी संरक्षण आपल्याकडे होतं, मग कारभारात मदत केली, मग लोकांनी आपणहून मत दिलं. शंभरातले सत्त्याण्णव हो म्हणाले."

"आणि बाकीचे तीन?" आतून आवाज आला.

"नगण्य," मास्तर पेपरमागून म्हणाले.

आबासाहेबांचं काम कचेरीत कधी रेंगाळत नसे. मे महिन्यात नकाशाला शिक्का बसला, आणि कुंपणाच्या जागी पत्रे आले. पत्र्यांपलीकडे आडावर खोली बांधली, खोलीला कुलूप. न्हाणीघरातली तोटी त्या धांदलीत तुटली ती कुणी जोडलीच नाही. नेमका तेव्हाच नळ आटला. आबासाहेबांचं मन मोठं. त्यांनी कारखान्याच्या फाटकावर गल्लीसाठी पाणी खुलं केलं, घरटी दोन घागरी, आणि वाटायला कुंडलिक.

सकाळी सातला गल्ली रांगेत उभी राहिली. मीही बादली घेऊन होतो. माझ्यापुढे चौथ्या गोदावरीवहिनी. डोक्यावर पदर, हातात पितळी घागर. स्वतःच्या परसदारातून आडापर्यंत त्यांना बारा पावलं होती, आणि त्या अख्ख्या गल्लीला वळसा घालून आल्या होत्या.

आबासाहेब फाटकापाशी आले आणि खरोखर ओशाळले. "वैनी, तुमी रांगंत? आरं कुंडलिक, वैनींची घागर पैली भर. दोन न्हाय, चार भर."

वहिनींनी घागर दुसऱ्या हातात घेतली. "नको, आबासाहेब. हो म्हणणाऱ्यांना आधी द्या. मी नाही म्हणाले होते. माझा नंबर आला की घेईन."

त्या हे इतकं साधेपणाने म्हणाल्या की आबासाहेब फाटकातून बाजूला सरले. रांगेत मागे कुणीतरी खोकलं. मी मागे वळून पाहिलं तर सगळ्यांच्या शेवटी वेणीमाधव मास्तर, हातात बादली. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. कुंडलिक म्हणाला, "मास्तर, तुमी तरी म्होरं या की." मास्तर हलले नाहीत. ते शेवटी पोचले तेव्हा पाणी संपलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, व्हरांड्यातला सिक्कीम ताबडतोब पिवळा करा, तपासणी आहे. मास्तर स्टुलावर चढले. खाली शिपाई जोतीराम पिवळ्या रंगाचा डबा धरून, आणि मी तास नसल्यामुळे उभा.

एवढ्याशा हिरव्या दाण्याला मास्तरांनी अर्धा तास लावला. मग ते खाली उतरले आणि ब्रश पुसायला लागले. जोतीरामने भिंतीला नाक लावलं.

"सर, हितं जरासं हिरवं राहिलंय. मोहरीएवढं. द्या, मी फिरवतो ब्रश."

"नको," मास्तर म्हणाले. "तेवढं असू दे, जोतीराम. तिथं कुणीतरी नाही म्हणालंय."

जोतीरामने डब्याचं झाकण लावलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मलाही त्यांच्याकडे पाहवलं नाही.