पायाने दाबायची डबी

ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याच्या पायाशी एक लोखंडी डबी असते. गिटारची वायर एका बाजूने तिच्यात शिरते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते, आणि मधलं बटण पायाने दाबलं की साधा गोड आवाज फाटून रागीट होतो. लोक पैसे देऊन चांगला आवाज का फाडून घेतात हे मला कधीच कळलं नाही. पण माझ्या भावाला तोच आवाज हवा असायचा आणि परदेशी डबी आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून त्या डब्या मी बनवायची.

नव्वदनंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. आम्ही यशवंतपूरला राहायचो. आमच्या घराण्याला बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की मराठी फक्त घरात उरली होती, आणि तीही निम्मी कन्नड. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी जवळच्याच एका छोट्या कारखान्यात सर्किटांची जुळणी करत होते. सकाळची पाळी, तीनला सुट्टी. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. एरवी औषधांच्या दुकानात उभा असायचा आणि सणासुदीला रजा टाकून ऑर्केस्ट्रात वाजवायचा.

डबीचं काम म्हणजे जागेचं भांडण. शिवाजीनगरचा पत्रेवाला मला अर्ध्या विटेएवढी डबी वाकवून द्यायचा, आणि तेवढ्यात सगळं बसवायचं. आधी वायर खुपसायचे जॅक, मग आवाज कमी-जास्त करायचे नॉब, मग सर्किटची पट्टी, तीही खालच्या पत्र्याला टेकू न देता. वायर आखूड ठेवली तर झाकण उघडताना तुटते, लांब ठेवली तर झाकणाखाली चेंगरते. हे काम चालू असताना घरात कोणी माझ्याशी बोलायचं नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर होता, आणि मी तो कधी लपवलाही नाही. आदल्या वर्षी भाऊ नुसतं म्हणाला होता, "अक्का, डबीत स्वल्प गुणगुण येते." मी त्याच्यासमोर डबी उघडली, आतल्या सगळ्या वायरी कात्रीने कापल्या आणि चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पुढे मी त्याला दुसरी करून दिली. तिच्याबद्दल त्याने कसलीच तक्रार केली नाही, आणि मला वाटलं माझं काम सुधारलं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी त्याने नवीन मागणी केली. ऐन गाण्यात बॅटरी उतरते, तेव्हा डबी थेट बोर्डाच्या विजेवर चालू दे. म्हणजे आत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवणं आलं. तो बसला, पण उंच निघाला. त्याच्या ज्या टोकांवर घरातली अख्खी वीज येते, ती टोकं आणि झाकण यांच्यामध्ये नखाएवढी फट उरली. झाकणाचा पत्रा पातळ होता, आणि बटण त्याच झाकणावर. पाय पडला की पत्रा दबणार. यावर माझ्याकडे एक जुना उपाय होता. अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, छातीचा एक जुना एक्स-रे घरात पडला होता. त्याची फिल्म जाड, तिच्यातून वीज जात नाही, आणि कात्रीने हवी तशी कापता येते. झाकणाच्या मापाने तुकडा कापायचा आणि आतून चिकटवायचा. मग पत्रा दबला तरी बिघडत नाही.

डबी दिल्याला पाच दिवस झाले होते. त्या दिवशी मी पाळीवरून आले, दुसरी डबी करायला घ्यावी म्हणून टेबलावरचे कागद उचलले, आणि वर्तमानपत्राखाली तो तुकडा सापडला. काळा, चारी कोपरे कापलेले, मध्ये बटणासाठी गोल भोक, आणि त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना अप्पांच्या बरगड्या. असा तुकडा मी एकच कापला होता.

मला डबी दिली ती संध्याकाळ आठवली. ऑर्केस्ट्राची व्हॅन दारात उभी होती, भाऊ उंबऱ्यात घुटमळत होता, मी त्याच्यावर खेकसले की डोक्यावर उभा राहू नकोस, आणि घाईघाईने झाकण लावलं. चारही स्क्रू माझ्याच हाताने आवळले होते. अर्थिंगची वायरही मी जोडली नव्हती, कारण मांडवातल्या बोर्डांना तिसरं भोक नसतंच.

मग मी स्वतःला समजावलं. पाच दिवस तो वाजवतोय, काही झालं नाही. कॅनव्हासचे बूट घालतो, त्यांना रबरी तळ आहेत. एवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. बूट तिथेच होते.

"तो बूट घालून नाही गेला?" मी आईला विचारलं.

"आज होसकोट्याला गणपतीपुढेच स्टेज आहे की," आई म्हणाली. "देवापुढे बूट चालत नाहीत म्हणे. सगळे अनवाणीच वाजवणार. चप्पल घालून गेला, बूट कोणी नेले तर काय करायचं?"

मी आईला काही सांगितलं नाही. तुकडा, चिकटपट्टी, स्क्रूड्रायव्हर आणि विजेचा टेस्टर पिशवीत टाकला. "त्याची एक वस्तू राहिली" म्हणाले. "अगं, स्वल्प कॉफी तरी घेऊन जा," असं ती मागून म्हणत होती तोवर मी रस्त्यावर होते.

कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमधून ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने सांगितलं, व्हॅन दुपारीच गेली, आणि देवळात कुठला आलाय फोन. मी शिवाजीनगरची बस धरली. तिथून शहराबाहेर होसकोट्याला जाणारी. ती खच्चून भरलेली. "मुंदे होगी, मुंदे होगी," म्हणत कंडक्टर सगळ्यांना पुढे रेटत होता, आणि बस मात्र जुन्या मद्रास रस्त्यावर लॉऱ्यांच्या मागे हटून बसली होती. पुढे जायला सांगायचं तर ड्रायव्हरला सांग, असं मी त्याला कन्नडमध्ये सुनावलं. दोन-तीन माणसं हसली. मला रडू येत होतं.

पिशवीत माझा सकाळचा जेवणाचा डबा होता. मी तो मांडीवर घेतला आणि अंगठ्याने झाकण दाबून पाहिलं. नखाएवढं सहज दबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दबलं. अंगठ्याने एवढं, तर गाण्याच्या भरात आपटलेल्या पायाने किती? देवापुढचा कट्टा सिमेंटचा असणार. पूजेनंतर धुतलेला असणार. ओल्या सिमेंटवर अनवाणी माणूस, पायाखाली वीज भरलेली डबी. त्यापुढे काय होतं हे मी कारखान्यात शिकले होते, आणि दुसऱ्यांना शिकवतही होते.

तेव्हा आणखी एक विचार आला, तो आजवर कोणाला सांगितलेला नाही. मला वाटलं, हा तुकडा खिडकीतून टाकून दिला तर? मग काहीही झालं तरी डबीत काय राहिलं होतं ते कोणाला कळणार नाही. आईला कळणार नाही, अप्पांना नाही. माझा हात पिशवीत गेला होता. त्या तुकड्याची धार बोटाला लागली तेव्हा मी हात बाहेर काढला. स्वतःची इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती.

होसकोट्याला उतरले तेव्हा सहा वाजून गेले होते, उजेड होता. स्टँडवरच गाणं ऐकू आलं. गाण्याच्या मागे ती फाटकी गिटार. मी आयुष्यभर त्या आवाजाला नावं ठेवली, पण त्या क्षणी मी तिथेच हात जोडले. गिटार वाजतेय म्हणजे तो उभा आहे. मी आवाजाच्या दिशेने धावत सुटले. वाटेत मध्येच गिटार थांबली. गाणं चालू, ड्रम चालू, गिटार नाही. मी एका दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले आणि ऐकत राहिले, कोणी ओरडतंय का, गाणं बंद पडतंय का. मग कडव्याच्या शेवटी गिटार पुन्हा आली. नंतर कळलं, त्या कडव्यात ती नव्हतीच.

मांडव भरलेला होता. कट्ट्यावर मागे गणपती, पुढे सगळा ऑर्केस्ट्रा, एकजात अनवाणी. सिमेंटवर ओले डाग स्पष्ट दिसत होते. भावाचे पाय मला गर्दीतून धड दिसेनात. पुढे घुसले तेव्हा दिसलं की त्याच्या उजव्या पायात काहीतरी पांढरं आहे. बँडेज असेल वाटलं. विचार करायला वेळ नव्हता, कारण त्याने तो पाय उचलला होता.

कट्ट्याच्या बाजूला खांबावर मेन स्विच होता. तिथे साउंडवाला आणि मंडळाचे एक गृहस्थ उभे होते. "करंट ऑफ माडी!" मी ओरडले. वीज बंद करा. "यारम्मा नीवु?" त्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही कोण. ते सांगत बसण्यापेक्षा मी स्विचचा दांडा स्वतःच खाली ओढला.

गाणं कापल्यासारखं थांबलं. ड्रम तेवढा वाजत राहिला, त्याला विजेशी काय देणंघेणं. मग तोही थांबला आणि लोकांची ओरड सुरू झाली. मी चप्पल काढून कट्ट्यावर चढले, डबीची वायर बोर्डातून उपसली आणि तिथेच बसून झाकण उघडलं. घाईत स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला मोहरीएवढा काळा डाग होता. पत्रा तिथे जळला होता. टोक लागलं होतं, एकदा तरी लागलं होतं.

मी वर पाहिलं. भाऊ समोर उभा होता, डोळे खाली. आता त्याचा पाय जवळून दिसला. बँडेज नव्हतं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या, एकीत एक घातलेल्या दोन, घोट्याशी रबर बँडने बांधलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"पायाला लागलंय म्हणून सांगितलं यांना," तो हळूच म्हणाला.

"मी काय विचारतेय?"

त्याने गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाला, "चावते ती, अक्का. पहिल्या दिवसापासनं. नॉब फिरवायला हात लावला की झिणझिण्या येतात. बूट असले की स्वल्पच. आज बूट नाहीत म्हणून हे बांधलं."

"पहिल्या दिवसापासून? आणि मला सांगता येत नव्हतं, गाढवा? तोंड नव्हतं तुला?"

हे मी ओरडून बोलले. सगळा मांडव ऐकत होता. आणि माझा भाऊ, बावीस वर्षांचा, माझ्याहून हातभर उंच, एक पाऊल मागे सरला. मी काही मारायला उठले नव्हते. मी खालीच बसलेली होते, हातात झाकण घेऊन. तरी तो मागे सरला. वीज काय करते ते त्याला ठाऊक होतं. तिच्यासाठी त्याने दोन पिशव्या शोधून काढल्या होत्या. माझ्यावर त्याला उपाय सापडला नव्हता, म्हणून तो गप्प बसला होता.

मी डबीकडे वळले. तुकडा चिकटवला, दोन बोटांनी कडा दाबून पाहिल्या, झाकण लावलं. वायर परत बोर्डात खोचली, वीज चालू करायला सांगितली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बटण दाबून ठेवलं आणि डबीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. नॉबला लावला, चारी स्क्रूंना लावला. कुठेच लागला नाही. मग मी डबीवर हात ठेवला. काही झालं नाही.

"झालं," मी म्हणाले, जमेल तितक्या हळू आवाजात. "आता काही होणार नाही. लावून बघ हात."

त्याने वाकून डबीला बोट लावलं. जेमतेम टेकवलं आणि उचललं.

"चावतेय का?"

"नाही, अक्का."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही, अक्का. एकदम बरोबर आहे. छान झाली."

"मग काढ ती पिशवी."

तो हसला. लहानपणी मी काही विचारलं की असाच हसायचा. "राहू दे," म्हणाला, "थोडीच गाणी राहिलीत आता."

मंडळाचे गृहस्थ घाई करत होते. मी कट्ट्यावरून उतरून समोर उभी राहिले. पुढची सगळी गाणी मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. डबी चावत असती तरी तो मला नाहीच म्हणाला असता. बटण दाबताना तो डोळे मिटत होता, आणि त्याच्या पायात ती पिशवी शेवटपर्यंत होती.