तेजरामच्या सदऱ्यावरचं फुलपाखरू

तेजराम पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, दगडी कोळसा भाजायच्या भट्टीवर, होता. तिथली धग अशी की ड्युटी संपेस्तोवर अंगातला घाम वाळून सदऱ्यावर पांढरे डाग उठायचे. घरी आला की रुआबांध्याच्या कामगार वसाहतीतल्या क्वार्टरमागं लिंबूच्या झाडावर तो सदरा लटकवायचा, अन् एक मोठं काळं फुलपाखरू हमखास त्यावर येऊन बसायचं. मुळात हे जंगलातलं पाखरू. अंडं लिंबूच्या पानावर, त्यातून निघते ती अळी अगदी चिमणीच्या शिटेसारखी, पुढं तीच हिरवीगार होते. पंख फुटले की नराला मीठ लागतं, अन् ते काही फुलांत मिळत नाही. मग तो ओल्या चिखलावर बसतो, नाहीतर घामट कपड्यावर. ते मीठ पुढं मादीला देतो, अंड्यांसाठी.

तेजरामच्या बायकोला, मथुराला, यातलं काही ठाऊक नव्हतं. ती करवादायची, "माहा नवरा राबते अन् हे फुकटचं चाटते!"

"चाटू दे व," तेजराम हसायचा. "तुह्या वाट्याचं संपत नाही."

एका साली दसऱ्याआधी काविळीनं तेजराम गेला. शेवटच्या ड्युटीचा सदरा झाडावर तसाच राहिला. दवानं ओलावला की फुलपाखरू यायचंच. मथुरा आता पायरीवर बसून त्याच्याशी बोलायची, "आले का जी? जेवले का?" हे तेजरामच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तेवढ्या भेटीवर बाई तग धरून होती.

तेरवीला मोठी जाऊ सिंधुताई आली. मायाळू बाई, पण हाताला उसंत म्हणून नाही! सदरा दिसला तसा साबण लावून आपटला, पिळला अन् परत झाडावर वाळत घातला. "गेल्या माणसाचा मळ कावून ठेवून राहिली व?"

त्यानंतर फुलपाखरू यायचं, सदऱ्याभोवती फिरायचं अन् निघून जायचं. मथुराचं जेवणखाण सुटलं. एका सकाळी तिला घामाची खारट चव आठवली की काय कोणास ठाऊक, वाटीभर पाण्यात मीठ कालवून तिनं सदऱ्यावर शिंपडलं.

ऊन चढलं तसं ते आलं. बसलं. सोंड उलगडून चाटायला लागलं, पहिल्यासारखंच.

"आले जी!" मथुरा धावली, अन् अर्ध्यातच थबकली. वाटी अजून हातातच होती. मीठ किराणा दुकानातलं होतं. तेजरामच्या घामाचा त्यात थेंब नव्हता.

"तुले कोणाचंही चालते का रे?" ती म्हणाली. तेजराम गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं फुलपाखराला अरे म्हटलं. मग तिथंच फतकल मारून बाई ऊर फुटेस्तोवर रडली, नवरा जसा काही त्याच सकाळी गेला होता.