मामांची सात पोरं

फिजी देशावर इतकं जीवापाड प्रेम करणारा माणूस खुद्द फिजीतही झाला नसेल, तो पंचवटीत झाला. तो माणूस म्हणजे माझे मामासासरे, माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. लग्न होऊन मी नाशकात आले, तेव्हा सासूबाई एकेकाची ओळख करून देत मामांपाशी थांबल्या. म्हणाल्या, "हा माझा भाऊ. खानावळ चालवतो. आपल्याला सात पोरं आहेत असं सांगेल. लग्न झालेलं नाही." मी तेव्हा बी.ए. झालेली, त्यामुळे जगातलं सगळं पाप आपल्याला एका नजरेत कळतं अशी माझी समजूत होती. मी डोक्यावरचा पदर सावरत खाली वाकले आणि नमस्कार करता करता मनातल्या मनात त्या सात पोरांच्या आया मोजायला लागले. मामांनी आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "सूनबाई, पळता येतं का?" म्हटलं, झालं, आता आपलीही गणती होणार!

त्यांची सात पोरं म्हणजे फिजीचा रग्बीचा संघ, हे कळायला मला आठवडा लागला. मामा तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होते. एकदा त्यांची बोट बिघडली आणि दोन महिने फिजीच्या बंदरात अडकून पडली. इंग्रजांनी एके काळी उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेले आपले लोक तिथं स्थायिक झाले होते; त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मामांना घरी जेवायला घातलं. आणि शेजारच्या गावातल्या, दाराच्या चौकटीत न मावणाऱ्या फिजियन पोरांनी त्यांना मैदानावर ओढून नेलं. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं, पलीकडच्या रेषेमागे जमिनीला टेकवायचा, आणि वाटेत सोबत्याला द्यायचाच झाला तर तो मागे द्यायचा, पुढे फेकला की चूक. हा खेळ इंग्रजांचा, पंधरा-पंधरा गड्यांचा. पण तेवढ्याच मैदानावर सात-सात जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव, असाही एक प्रकार आहे आणि मामांच्या मते देवानं फिजीची माणसं त्यासाठीच घडवली. मामा सांगत, "अगं, पंधरांचा खेळ त्यांना साहेबानं शिकवला. तो ती पोरं शाळेत बसल्यासारखा खेळतात. सातांचा खेळ म्हणजे शाळा सुटल्यावरचा! पंधरांत हरली तर घरी जाऊन जेवतात. सातांत हरली तर गावात चूल पेटत नाही." आयुष्यात त्यांची एकच इच्छा होती. फिजीहून परत आल्यापासून ती त्यांनी अर्ध्या नाशकाला ऐकवली होती: मरायच्या आधी त्या सात पोरांना एकदा पुन्हा डोळ्यांनी खेळताना पाहायचं.

त्यांच्या खानावळीत पुऱ्या वाढायच्या त्या सात. सहा मागितल्या तरी सात, आठ मागितल्या तर "पोट बिघडेल." वाढप्याला ताट द्यायचं ते मागे न बघता, चालता चालता, कमरेच्या बाजूनं मागे. नव्या वाढप्यांचे पहिले काही दिवस आमटीत न्हाण्यात जात. फिजीहून आणलेला चामड्याचा चेंडू त्यांनी शिंक्यात घालून दारावर टांगला होता. दर्शनाला आलेल्या यात्रेकरू बायका तो दृष्टीसाठी बांधलेला कोहळा समजून त्याला हळदकुंकू वाहत. मामा काही म्हणत नसत. उलट मोठा सामना असला की स्वतःच उदबत्ती लावत. हाँगकाँगला सातांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि सुरुवातीच्या वर्षांतच फिजीनं तिथं बाजी मारायला सुरुवात केली, तेव्हा मामा रेडिओ घेऊन गच्चीवरच्या टाकीवर चढून बसत. ऑस्ट्रेलियाचं केंद्र खरखर करत लागायचं. एकदा वरून आरोळी आली, "जिंकलो!" आणि त्या दुपारी जेवायला आलेल्या प्रत्येकाला श्रीखंड मिळालं. कशाबद्दल, ते खाणाऱ्यांना कळलं नाही.

आता माझं शहाणपण ऐका. मी माहेरची सायखेड्याची, शाळेत कबड्डीची कॅप्टन. मामांनी जेव्हा तालमीतली पोरं गोळा करून नाशिकचा सातांचा संघ काढायचं ठरवलं, तेव्हा मी पुढे सरसावले. म्हटलं, "मामा, त्यात काय एवढं! कबड्डीत पण सातच. धराधरी पण तीच. फक्त हातात चेंडू द्यायचा." मामांना हे इतकं पटलं की त्यांनी पोरांना चेंडू पुढे फेकायचा नाही एवढंच शिकवलं आणि बाकीचं कबड्डीवर सोडलं. देवळालीच्या कॅम्पात काही जवानांना रग्बी येत होती. त्यांच्याशी तपोवनाच्या बाजूच्या माळावर सामना ठरला. निम्मी पंचवटी बघायला आली. मी सगळ्यांत पुढे, नऊवारीत नसले तरी आवाजात नऊ वार.

आमच्या पहिल्या गड्यानं चेंडू घेतला, वाऱ्यासारखा सुटला, आणि एका जवानानं त्याला कमरेत धरून आडवा केला. आमचा गडी उठला, कपडे झटकले, चेंडू जवानाच्या हातात अदबीनं दिला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला.

मामा ओरडले, "अरे, बाहेर काय चाललास?"

"मेलो ना मामा! धरलं मला!"

"मेला नाहीस रे! ऊठ, पळ!"

"असं कसं? समद्यांनी पाहिलंय, लय घट्ट धरला व्हता!"

आणि काठावरून मी, रग्बीतली अधिकारी व्यक्ती, हात नाचवत सांगत होते, "बाद आहे, बाद! बाहेर बस, हालू नकोस!" दुसरा पडला, तो बाहेर. तिसरा पडला, तो बाहेर. जवान एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, पोरांना लागतंय. पहिला डाव संपायच्या आत मैदानात आमचा एकच गडी उरला, आणि त्याला कुणी हात लावायच्या आधीच तोही शरण गेला. काठावरचे सहा जण एका सुरात ओरडले, "लोण चढला!" सगळा संघ बाद झाल्यावर कबड्डीत ओरडतात तसं. मामा मांडी घालून मातीत बसले आणि हसता हसता रडायला लागले. दुसरा डाव झालाच नाही. पोरं पुढे क्रिकेटकडे गेली, तो संघ पुन्हा कधी उभा राहिला नाही. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या रात्री माझ्या पानात आठ पुऱ्या वाढल्या.

मग टी.व्ही. आला. गल्लीत पहिला टी.व्ही. मामांनी घेतला, सात पोरांसाठी. पण टी.व्ही.वर शेतीचे कार्यक्रम लागत, क्रिकेट लागे, नाच लागे. फिजी काही लागलं नाही. मामा दर रविवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून समोर बसत. "आज लावतील," म्हणत.

आणि सत्त्याऐंशी साली फिजी लागलं, पण बातम्यांत. तिथं लष्करानं सरकार उलथवलं होतं. त्या सरकारात हिंदी वंशाची माणसं बरीच होती, आणि ती कारभार करतात हे तिथल्या मूळच्या लोकांपैकी काहींना खपलं नव्हतं. हिंदी कुटुंबं देश सोडून निघाली होती. खानावळीत रोज जेवायला येणारे कोर्टातले एक कारकून आमटीचा भुरका मारत म्हणाले, "काय मामा, तुमच्या पोरांना आपली माणसं नकोशी झाली म्हणे!"

मामा म्हणाले, "भाजी वाढू?"

त्या दिवसापासून त्यांनी टाकीवर चढणं सोडलं. उसाच्या मळ्यावरचा म्हातारा आणि मैदानावरची पोरं, हे दोन्ही मिळून त्यांचं एक फिजी होतं. ते आता मधोमध फाटलं होतं, आणि ते कुठल्या तुकड्याकडे बघणार?

त्याच हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ, तिथं नोकरीला असलेला, हाँगकाँगहून आला. मामांसाठी त्या सात पोरांचा सामना आण असं त्याला मी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, तो नेमका आता व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. हाँगकाँगच्या स्पर्धेतली, फिजीची. आम्ही भाड्यानं व्हीसीआर आणला, खानावळीतली बाकं सरकवली, गल्ली जमली. पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या, मग हिरवंगार मैदान, आणि पांढऱ्या सदऱ्यांतली ती सात पोरं. मी ओरडले, "मामा, आली हो पोरं! या लवकर!"

आतून आवाज आला, "तुम्ही बघा. माझी कणीक मळायची राहिलीय."

कणीक मी सकाळीच मळून झाकून ठेवली होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. एक नजर पडद्यावर, एक आत. मामा शेगडीकडे तोंड करून उभे होते, शेगडीवर काही नव्हतं. त्यांना हाताला धरून बाहेर आणायला हवं होतं, असं मला आज वाटतं. त्यानंतर वर्षभरातच ते गेले, आणि पुन्हा कधी कॅसेट मागवली गेली नाही. पण त्या वेळी मी उंबरा ओलांडला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "सूनबाई, समोरचा गडी पडला तर ही पोरं काय करतात?"

मी वळून बघितलं. "हात देतात, मामा. उठवतात."

"खरं सांगतेस?"

"इकडे येऊन बघा ना."

ते काही वळले नाहीत. म्हणाले, "पुन्हा पडेल कुणीतरी. नीट बघ आणि सांग."

तो सामना कोण जिंकलं, मला आजही सांगता येणार नाही. मी नुसती पडणारी माणसं बघत राहिले, आणि दर वेळी आत सांगत राहिले, "उठवलं, मामा. यालाही उठवलं."