आषाढातली कपाशी

पेरणीचं बियाणं काठीने बडवून काढलेलं आमच्या वडिलांना चालत नसे. फुटका दाणा उगवत नाही, म्हणून भुईमुगाच्या शेंगा हातानेच फोडायच्या. आणि फोडणाऱ्या बायकांनी सारखं उठू नये, भांडू नये, दाणे तोंडात टाकू नयेत, म्हणून वडील दुपारी ओसरीवर बसून रहस्यकथा वाचून दाखवायचे. तापीकाठच्या आमच्या गावात असा बंदोबस्त दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. मला त्याचा भारी तोरा होता आणि मैत्रिणींपुढे मी तो मिरवायचेही.

पुस्तकं शहाद्याच्या वाचनालयातली. बाजाराच्या दिवशी वडील एसटीने जात आणि पिशवीत भाजीच्या वर एक पुस्तक ठेवून परत येत. सगळ्या पुस्तकांतला गुप्तहेर एकच, खून तेवढे निरनिराळे. वडिलांचं वाचन ठसक्यात चालायचं. पान संपलं की जिभेला बोट लावायचं, पान उलटायचं, चष्म्यावरून आमच्याकडे एकदा बघून घ्यायचं आणि पुढे. आईला अक्षरओळख नव्हती. ती आपलं काम वडिलांच्या पानांवर मोजायची. सहा पानं उलटली की तिचे शेरभर दाणे झालेले असत. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, ती थोरल्या दिरापुढे, म्हणजे वडिलांपुढे, यायची नाही. दाराआड डोईवर पदर घेऊन शेंगा फोडायची आणि तिला कुणाचा संशय आला तर ते माझ्या कानात सांगायची. मी मोठ्याने जाहीर करायचे.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेत पुढचे वर्गच नव्हते. हायस्कूल नंदुरबारला, तिथे मामांचं घर होतं, राहण्याची सोय होती. नव्हती ती फक्त वडिलांची परवानगी. आईने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा वडील काही न बोलता शेताकडे निघून गेले. आमच्या घरात त्या निघून जाण्याला नकार म्हणत. गावातून एकही मुलगी तोवर शिकायला बाहेर गेली नव्हती आणि पहिली मुलगी आपली असावी अशी हौस त्यांना मुळीच नव्हती. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. मी रडून घेतलं, दोन दिवस रुसून जेवले नाही, मग भूक लागली म्हणून जेवले.

त्याच दिवसांत हे पुस्तक आलं. बारा वर्षांपूर्वी एका जमीनदाराचं प्रेत त्याच्या विहिरीत सापडलेलं. पोलिसांनी अपघात म्हणून कागद बांधून ठेवलेले. आता त्याची मुलगी मोठी होऊन गुप्तहेराकडे येते आणि म्हणते, माझ्या बापाला कुणी मारलं ते शोधून द्या. साक्षीदार म्हातारे झालेले, विहीर बुजलेली, कुणाला काही आठवत नाही. संशय घ्यावा असे तिघे, जमीनदाराचा दिवाणजी, पुतण्या आणि डॉक्टर. इतका जुना खून आम्ही कधी ऐकला नव्हता. आमच्या बोटांचा वेग आपोआप वाढला. काकूने तर दार थोडं आणखी उघडलं.

शेवटचं प्रकरण राहिलं की पुस्तक मिटायचं, ही वडिलांची पद्धत. त्या दिवशीही त्यांनी मिटलं आणि विचारलं, "बोला, कोन शे खुनी?"

काकूने दिवाणजीवर बोट ठेवलं. मीही दिवाणजीच म्हटलं, कारण त्याच्या मिश्या मला आवडल्या नव्हत्या. आई कधीच नाव सांगत नसे. त्या दिवशी ती शेंग फोडता फोडता म्हणाली, "पुतन्या."

"कसाले?" वडिलांनी विचारलं.

"तो सांगस, खून व्हयना तवय मी वावरमा कपाशी येची ऱ्हायंतू. महिना कोनता? आषाढ. आषाढमा कोठे कपाशी येचतस? हाऊ खोटं बोली ऱ्हायना."

मी थक्क झाले. आषाढात कपाशी वीतभरसुद्धा नसते, वेचणी दिवाळीच्या सुमारास. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही ते वाक्य ऐकलं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं. वडिलांनाही नाही. आईने मात्र त्या पुतण्याची मानगूट बरोबर धरली होती.

वडील हसले. बाईमाणसाने हुशारी दाखवली की हसतात तसं. "खरं निंघनं तं तू मांगशी ते देसू," म्हणाले.

आईने हातातली शेंग खाली ठेवली. "पोरले नंदुरबारले धाडा."

दाराआड काकूच्या बांगड्यांचा आवाज थांबला. वडिलांनी गावात दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, आणि हा तर सगळ्यांच्या देखत दिलेला. "बरं," इतकंच बोलून ते उठले.

दुसऱ्या दुपारी वडिलांनी शेवटचं प्रकरण उघडलं. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. एकेकाकडे रोखून पाहिलं. "खुनी याच खोलीत आहे," तो म्हणाला, "आणि तो आहे…" वडील थांबले. तांब्यातून पाणी प्यायले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खणखणीत आवाजात वाचलं, "तो आहे पुतण्या! आषाढात कपाशी वेचायला निघालास काय रे?" पुढे गुप्तहेराने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. सरकी, वखर, कोळपणी, कापसाची बोंडं, सगळा हिशेब त्याच्या तोंडावर मारला. मी उड्या मारत होते. आईचे हात मात्र चालूच होते.

जूनमध्ये मी नंदुरबारला गेले. वडील स्वतः पोचवायला आले होते. शाळेच्या फाटकापाशी "नीट अभ्यास कर" म्हणाले आणि मागे न बघता एसटी स्टँडकडे चालू लागले.

साठच्या दशकात मी शहाद्याला शिक्षिका झाले. आमच्या गावची पहिली. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. एकदा वाचनालयात मुलींसाठी पुस्तकं काढताना ते पुस्तक हाती लागलं. कव्हर गेलेलं, कडा काळवंडलेल्या. आईची बहादुरी आपल्या डोळ्यांनी वाचावी म्हणून मी थेट शेवटचं प्रकरण उघडलं.

खुनी डॉक्टर होता. पुतण्या बिचारा निर्दोष, जमीनदाराची इस्टेट त्याच्या मुलीला मिळावी म्हणून झटणारा. कपाशीचा शेवटपर्यंत उल्लेखच नव्हता. लिहिणाऱ्याला आषाढात कपाशी कशी असते ते माहीतच नसावं. सरकी, वखर, कोळपणी, ते सगळं आमच्या वडिलांचं. मी तिथेच बाकावर बसून रडले. कधीही तोंडभर कौतुक न करणाऱ्या त्या माणसाने माझ्यासाठी एक अख्खं प्रकरण मनाने रचलं होतं, तेही न अडखळता. इतका अभिमान मला माझ्या नोकरीचाही वाटला नव्हता.

रविवारी पुस्तक घेऊन घरी गेले. उन्हाळाच होता, आई ओसरीवर शेंगा फोडत होती. वडील शेतात. मी तिला सगळं सांगितलं.

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुन्हा वडील वाची ऱ्हायंतात, वाची ऱ्हायंतात. मन्हा अर्धा शेर भरी गया, पन बोट काही जिभले लागं नही. एकबी पान पलटाडं नही त्यासनी." तिने टरफलं बाजूला सारली. "चांगलं वाची ऱ्हायंतात. मी कसाले बोलू?"

एवढ्यात वडील आले. हातपाय धुऊन टेकले आणि माझ्या मांडीवरचं पुस्तक त्यांना दिसलं. त्यांनी ते ओळखलं. बराच वेळ ते टॉवेलने कोरडे हातच पुसत राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, वाचन सुटलं होतं.

"वाच," शेवटी ते म्हणाले. "शेवटलं प्रकरन वाच."

मी वाचायला लागले. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. "खुनी याच खोलीत आहे, आणि तो आहे…" मी थांबले. आईची बोटंही थांबली होती.

"पुतण्या!" मी वाचलं, आणि जिभेला बोट लावून पान उलटलं.