मालनच्या गप्पा आणि माझी कात्री

माझ्या बायकोला इतिहासातला एकही सन धड पाठ नाही. तरीही जयपूरमध्ये कोणी मराठी इतिहासकार बदलून आला, की थोड्याच दिवसांत तो झोटवाड्यातल्या आमच्या घरी, खिडकी बंद केलेल्या खोलीत घाम पुसत बसलेला असतो आणि मालन त्याला विचारत असते, "ते सगळं खरं ओ सर, पण त्या दिवशी त्या लोकांनी जेवायला काय केलं असंल?"

मालन बार्शीची. तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला हे पातेलं कोणाच्या लग्नात जाणार आणि नवरी कुठली, हे विचारल्याशिवाय ही पोरगी भांडं बांधून द्यायची नाही, असं माझे सासरे सांगत. लग्नानंतर जयपूरला आली तेव्हा तिला हिंदीची चार वाक्यंही नीट येत नव्हती. मी तिला जवळच्या चाकसूला शीतला मातेच्या जत्रेला नेलं. मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. परत येऊन बघतो तर ही एका म्हातारीशेजारी मांडी घालून बसलेली, आणि देवीला शिळंच का लागतं, आदल्या दिवशी काय काय रांधता, नवरा शिळं खाताना कुरकुरतो का, अशी चौकशी चाललेली. म्हातारी हिंदी बोलत नव्हती आणि मालन मारवाडी. दोघींचं कुठेच अडत नव्हतं.

मालनच्या या इतिहासाच्या गप्पांच्या कार्यक्रमाची सुरुवात मुलांमुळे झाली. मालन दर रविवारी लष्करी वसाहतीत जाऊन तिथल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना मराठी शिकवते. मुलांना अक्षरं हिंदीमुळे येतात, पण वाक्य बोलायचं म्हटलं की अडखळतात. म्हणून ती गोष्टी सांगायची. एकदा गौतमी नावाच्या मुलीने विचारलं, "मावशी, मतलब, आपल्याकडे पेशवे होते तेव्हा लंडनमध्ये कोण होतं?" मालनला सांगता येईना. ती थेट डॉ. यतीन उपासनींकडे गेली. ते इथे विद्यापीठात युरोपचा इतिहास शिकवतात, महाराष्ट्र मंडळात त्यांची ओळख झालेली. त्यांच्याशी झालेलं बोलणं तिने मुलांसाठी मोबाइलवर घेतलं. मुलांपेक्षा त्यांच्या आयांनी ते जास्त ऐकलं आणि पुढे पाठवलं. आता 'विचारू का?' या नावाने दर शुक्रवारी इंटरनेटवर गप्पांचा एक भाग जातो. इजिप्तमधले पाव भाजणारे, लिस्बनचा भूकंप, सोनं वाटत कैरोहून गेलेला आफ्रिकेतला एक राजा, असं जगभरचं काहीही तिथे येतं. यतीन सर सगळ्यांत जास्त वेळा आले आहेत.

यात माझंही काम असतं. आमच्या मागच्या गल्लीत लेथचा कारखाना आहे. तिथले लोक जेवायला बसले की मशीन थांबतं, आणि तेवढ्यात आम्हाला गप्पा उरकायच्या असतात. त्याआधी मी खिडकीवर आणि दारावर रजया टांगतो, म्हणजे रस्त्याचा आवाज आत येत नाही. पंख्याचाही आवाज येतो म्हणून तो बंद करतो. गप्पा संपल्या की कॉम्प्युटरवर बसून खोकले, खुर्चीची करकर, पुन्हापुन्हा आलेली वाक्यं कापतो. मी एका खासगी कॉलेजात हिशेबखात्यात आहे आणि लवकरच निवृत्त होईन. त्यानंतर रोज मालनसोबत बसून हेच काम करायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि त्याच कामात मला दर वेळी जळायला होत होतं.

यतीन सर तिला मालनताई म्हणतात. जो माणूस आपल्या बायकोला ताई म्हणतो, त्याच्यावर संशय घेता येत नाही. नुसतं जळता येतं. माझ्याशी मालन दिवसभरात जे बोलते ते म्हणजे दूध आलं का, बिल भरलं का, चष्मा फ्रीजवर आहे. सरांसमोर बसली की तीच बाई पुढे झुकते, डोळे मोठे करते, "अय्या, मग?" म्हणते. मी कधी जेवताना ऑफिसातलं काही सांगायला लागलो, तर ती "हं" म्हणून पोळी उलटते.

मे महिन्यात लंडनच्या मोठ्या आगीवर गप्पा होत्या. सोळाशे सहासष्टची आग. एका बेकरीत पेटली आणि शहर खाऊन गेली. लेथ थांबला, मी रजया टांगल्या, गप्पा सुरू झाल्या. सर गळ्याभोवती नॅपकिन गुंडाळून बसले होते. सगळं छान चाललेलं असताना बाहेरून हाक आली, "तोरी, भिंडी, टमाटर!"

मी रजईमागून दार उघडून बाहेर गेलो. भाजीवाल्याला म्हटलं, "भैया, ज़रा धीरे. आगे निकल जाओ."

त्याने खिडकीवरच्या रजया पाहिल्या. "कोई बीमार है क्या साब?"

"नहीं. लंदन में आग लगी है."

"तो आप बाहर क्यों खड़े हो?"

मी काही बोलणार तेवढ्यात आतून मालनचं हसू आलं. जाड रजईतून, बंद खिडकीतून ते रस्त्यावर आलं. थांबेच ना. मध्येच सरांचं हसू मिसळायचं आणि पुन्हा हिचं वर निघायचं. भाजीवाला हातगाडी ढकलत म्हणाला, "लंदन में तो बड़े मज़े हैं, साब."

इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर मालन अशी हसलेली मला आठवेना. मी पायरीवर बसून आठवत राहिलो. गप्पा संपेपर्यंत आत गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी कापायला बसलो. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते. बोलणं म्हणजे बारीक दाते आणि हसणं म्हणजे मोठे डोंगर. डोंगर ओळखायला ऐकावं लागत नाही. मी कानाला काही न लावता एकेक डोंगर उडवला. मोठ्या डोंगराच्या पुढेमागे जे काही होतं तेही उडवलं. मग तिची "अय्या", तिची "मग ओ सर" यांचीही छाटणी केली. शुक्रवारी ते इंटरनेटवर गेलं.

रविवारी मालन वर्गावरून परत आली ती पर्स न ठेवताच कॉम्प्युटरजवळ गेली. वसाहतीतल्या अनुश्रीने तिला विचारलं होतं, "ताई, या वेळी बरं नव्हतं का? सर एकटेच बोलत होते." अनुश्रीचा नवरा सीमेवर असतो. ती स्वयंपाक करताना या गप्पा ऐकते. म्हणाली, नेहमी तुम्ही स्वयंपाकघरात असल्यासारखं वाटतं, या वेळी नाही वाटलं.

मालनने सगळं पहिल्यापासून ऐकलं. मी पेपर धरून बसलो होतो.

"माझं हसू कुठंय?"

"आवाज फार वर गेला होता. ऐकणाऱ्याला त्रास होतो."

"सरांचा खोकला ठेवलाय की."

मी पेपरचं पान उलटलं.

"त्या भाजीवाल्याची हाक बी ठेवलीय. तोरी, भिंडी, टमाटर. माझं हसू तेवढं काढलंय." ती माझ्याकडे बघत राहिली. बार्शीच्या दुकानात गिऱ्हाइकाला बघायची तशीच बघत असणार. "अहो, तुम्हाला सरांचं वाईट वाटतं होय?"

"मला कशाला वाटेल?"

"मग मी हसलेलं वाईट वाटतं?"

मी पेपरची घडी करून बाजूला ठेवला.

तिने पर्स खुंटीला अडकवली. "मूळचं आहे ना तुमच्याकडं? तुम्ही काही फेकत नाही. उद्या बसा आणि सगळं होतं तिथं लावून द्या. एकेक. मी शेजारी बसते. पुढच्या वेळपासून निलय करील. सरांचा विद्यार्थी आहे, त्याला येतं हे."

"आणि मी?"

"तुम्ही काय? आराम करा. रिटायर तर होताय."

सोमवारी मी ऑफिसातून लवकर निघालो. घरी आल्यावर आम्ही दोघं बसलो. कापताना ऐकलं नव्हतं ते आता लावताना ऐकावं लागत होतं. पहिलं हसू. दुसरं. "अय्या, लाकडाची घरं अन् दारात भट्टी?" मालन शेजारी हाताची घडी घालून बसलेली. मग तो मोठा डोंगर आला.

सर सांगत होते, "आरमाराच्या कचेरीतला एक अधिकारी होता. आग जवळ आली तसा त्याने बागेत खड्डा खणला आणि त्यात वाइन आणि इटलीहून आलेलं महागडं चीज पुरलं. बायकोला नावेत बसवून हलवलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे."

"मतलब, आधी चीज अन् मग बायको?"

"क्रम तसाच आहे, मालनताई."

तिथे ते हसू फुटलं. आणि त्या हसण्यामागे, मी न ऐकताच उडवलेल्या जागी, मालन दम घेत बोलत होती: "सर, आमच्याकडं असाच एक आहे. घर नवं घेतलं तवा गॅसच्या नळीनं पेट घेतला. मी ओरडले, आग, आग! हे धावत आले, माझ्याकडं बघितलं, अन् स्कूटर ढकलत बाहेर गेले." पुन्हा हसू, दोघांचं. मग तिचा आवाज खाली आला. "पण परत आले हं. रजई भिजवून आणली अन् टाकली सिलिंडरवर. हात भाजला, तर कुणाला सांगितलं नाही. अजून डाग आहे मनगटावर. ते चीज पुरणारे नाहीत तसे. त्यांना मात्र सांगू नका मी असं म्हणाले."

मी थांबवलं.

"पेट्रोल होतं स्कूटरमध्ये," मी म्हणालो. "स्वयंपाकघराच्या दारालाच लागून उभी होती. ती आधी काढायलाच हवी होती."

मालन वळली. "हे कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तू कधी विचारलंस?"

जरा चिडूनच निघालं ते. "जगातल्या सगळ्या मेलेल्या माणसांचं विचारतेस. चीजवाल्याचं विचारतेस. मला कधी विचारलंस, की अहो, स्कूटर का काढली?"

मालन खुर्ची माझ्याकडे ओढून पुढे झुकली, सरांसमोर झुकते तशी.

"नाही विचारलं. चुकलं माझं. आता विचारते. पेट्रोल होतं म्हणून काढली?"

"होय."

"नवी होती म्हणून नाही?"

मी डाग असलेलं मनगट चोळत बसलो. "नवी पण होती," मी म्हणालो.

मालन हसली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. खुर्चीची करकर, लेथची घरघर, सगळ्याच्या वरून. मला बघून पुन्हा हसू यायचं तिला. शेवटी मलाही आलं.

निलयला बोलावणं गेलं नाही. पुढच्या गप्पांच्या आदल्या दिवशी तिने फक्त एवढंच म्हटलं, "रजयांना ऊन दाखवा, सरांना धुळीनं खोकला येतो."

दुरुस्त केलेली आग पुन्हा इंटरनेटवर गेली. आता अख्ख्या वसाहतीत मी स्कूटरवाले काका आहे. यतीन सर आले ते दारातूनच, "काय चंद्रकांतराव, गाडी सुरक्षित आहे ना?" असं म्हणून मोठ्याने हसले. मालनही हसली. मी तोवर रेकॉर्डिंग सुरू केलेलं होतं, म्हणून ते सगळं आत आलं.

यातलं मी काहीही कापलेलं नाही. मालनचं हसू जसंच्या तसं आहे. सरांचं जरा हळू केलं आहे, इतकं की कोणाच्या लक्षात येऊ नये. मालनने अजून विचारलेलं नाही.