मोठीमाय खोटं बोलली तो दिवस

माझ्या चुलतभावाचा, विजूदादाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात एका छापखान्यात उभी होते. आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाचं नवं पत्रक मशीनवर चढायचं होतं आणि मी शेवटचं प्रूफ वाचत होते. "माय गेली," तो म्हणाला. "सकाळी चहा मांडला, अन् बसली ते बसलीच." मी "येते" म्हणाले, फोन ठेवला, आणि मग... मग मी ते प्रूफ शेवटपर्यंत वाचलं. एका शब्दाचा काना राहिला होता, तो घातला आणि मगच निघाले. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहिताना माझा हात सोयीचं तेवढंच ठेवतो आणि बाकीचं गाळतो, हे मला आता कळून चुकलं आहे.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको, कागदोपत्री कौसल्याबाई. मोठेबाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होते आणि त्यांचं क्वार्टर खाणीच्या वसाहतीत होतं. आम्ही तिथंच मध्य प्रदेशात, बालाघाट शहरात राहायचो, बाबा सरकारी कचेरीत बाबू. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. नवसाविरुद्ध, ताइताविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध... रविवारी विहारात वाटायच्या या कागदांच्या घड्या घालायचं काम मी पहिलीत असल्यापासून केलं. "वाचल्याशिवाय घडी घालायची नाही," असा बाबांचा नियम होता. त्यामुळे मला फार लवकर सगळं कळायला लागलं, निदान मला तसं वाटायचं. मोठीमाय म्हणायची, "हे पोरगी भूक लागली तं पत्रक छापन, पन जेवाले मांगनार नाही."

खाणीला सुट्टी म्हणजे आमची सुट्टी. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी. झेंडावंदनाचे लाडू खाऊन झाले की मोठीमाय वसाहतीतून निघायची, विजूदादा धरून तिची स्वतःची तीन पोरं आणि शेजारपाजारची पाच-सहा घेऊन. वाटेत आम्हा दोघा भावंडांना उचललं की एका ऑटोत आम्ही इतके जण व्हायचो की ड्रायव्हर निम्मा बाहेर लटकून चालवायचा. हिवाळ्यात जादूचे खेळ यायचे, एरवी टॉकीज. वसाहतीतल्या बाया बाजारालासुद्धा पोरं कोणाबरोबर पाठवत नसत, पण "कौसल्याबाई नेऊन राह्यली न? मंग जाऊ दे" असं म्हणून तिच्या हवाली करत. बायकांच्या तिकीटखिडकीवर ती अशी शिरायची की पुढच्या बाया मागे वळेपर्यंत तिच्या मुठीत तिकिटं असायची. आणि आत बसल्यावर ती पडद्याशी बोलायची. "अवो बाई, दारामांगं आहे थो! दारामांगं पाय!" मागून एकदा एक माणूस ओरडला, "अम्मा, उसको सुनाई नहीं देता." मोठीमाय वळून म्हणाली, "तुमको तो देता है ना? फिर तुम जाके बोलो." अख्खी टॉकीज हसली, आणि मी दहा वर्षांची, तिच्या पदराचं टोक धरून बसलेली, मला वाटलं की जगात हिच्याहून मोठं माणूस नाही.

जादूच्या खेळात मात्र तिची एक वेगळीच धडपड असायची. जादूगार म्हणायचा, "आप में से कोई एक मंच पर आए," आणि मोठीमायचा हात वर. आम्ही सगळ्यात मागे बाकड्यांवर, आणि जादूगाराला हवी असायची पुढची सुटाबुटातली माणसं नाहीतर कॉलेजच्या मुली. दर वर्षी तिचा हात वर जायचा आणि दर वर्षी तिला कोणी बोलवायचं नाही. मोठेबाबा चिडवायचे, "तुले बोलावलं तं तू त्याच्याच टोपीतलं कबूतर घेऊन येशीन." ती म्हणायची, "येऊ दे एकदा माह्या नंबर. जवळून पाह्यचं आहे मले, बस."

तो नंबर मीच आणला. मी वीस वर्षांची होते, नागपुरात शिकत होते, आणि गटात नव्यानं आलेल्या माणसाला जी खुमखुमी असते ती माझ्यात पुरेपूर होती. बालाघाटच्या मैदानावर जादूचा मंडप लागल्याचं कळलं आणि मी गटापुढे योजना मांडली. मंचावर आपल्या ओळखीचं माणूस पोचवायचं, तिथून युक्ती उघडी पाडायची आणि बाहेर पत्रकं वाटायची. सव्वीस जानेवारीला मी मोठीमायला म्हणाले, "या वर्षी मी नेते तुम्हां सगळ्यांना. तिसऱ्या रांगेत." तिला किती आनंद झाला म्हणून सांगू... तिनं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं. विजूदादाच्या चार वर्षांच्या मुलीला, पिंकीला, पहिल्यांदाच घेतलं. डब्यात पुऱ्या आणि आलू. आमच्या गटाचे चौघे मागे बसले होते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या मंचावर जायच्या जुन्या हौसेचा मी हत्यारासारखा उपयोग केला, आणि तेव्हा ते मला चातुर्य वाटलं.

जादूगारानं एका मुलीला आडवी झोपवली, चादर घातली, हात हलवले आणि ती मुलगी हवेत उचलली गेली. मग त्यानं लोखंडी रिंग उचलून कोणी तपासायला यावं म्हणून विचारलं. मी उभी राहून मोठीमायकडे बोट दाखवलं, "इनको बुलाइए!" ती पायऱ्या चढून गेली तेव्हा आमची अख्खी रांग टाळ्या वाजवत होती. तिच्या हातात रिंग दिली. ती मुलीच्या पायाकडून डोक्याकडे सावकाश रिंग नेऊ लागली, वाकून, चेहरा अगदी जवळ. तेवढ्यात मी ओरडले, "मोठीमाय, तिच्या पाठीमागे लोखंडी दांडी आहे! हात घाल आणि सांग सगळ्यांना!"

वाजंत्री थांबली. मोठीमाय त्या मुलीच्या डोक्याशी वाकलेली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कुछ नहीं है पीछे. मैंने हाथ लगा के देखा." आणि मग माझ्याकडे पाहत, "बस न वं पोरी खाली. सुट्टी आहे आज."

लोक हसले. शिट्ट्या पडल्या. मी ताडकन बाहेर पडले, गटाबरोबर गाड्यांवर बसले आणि निघून गेले. घरची माणसं ऑटोनं परतली. त्या ऑटोत मी नव्हते, ही गोष्ट मला परवा-परवापर्यंत क्षुल्लक वाटत होती.

आठ दिवसांत मी पत्रक लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "भरवेली वसाहतीतली एक बाई दांडी डोळ्यांनी पाहते आणि भरल्या मंडपात खोटं बोलते. भोंदूंचं दुकान अशाच बायांच्या जिवावर चालतं." नाव नव्हतं, पण मंचावर कोण गेलं होतं ते वसाहतीत कोणाला विचारायची गरज नव्हती. पत्रक वाटलं गेलं, त्याचा फोटो मोबाइलवर फिरला. विहारातल्या महिला मंडळात चर्चा झाली की जी बाई अशी वागते तिच्याबरोबर मुलं पाठवायची का. कोणी भांडलं नाही, कोणी तिला तोंडावर काही बोललं नाही. पुढच्या पंधरा ऑगस्टला ती लुगडं नेसून दारात उभी राहिली आणि एकही मूल आलं नाही. ऑटोवाला दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला. त्यानंतर ती कोणालाच विचारायला गेली नाही.

आणि त्या पत्रकात मी एक गोष्ट गाळली होती. खेळ सुरू होताना जादूगार म्हणाला होता, "इसमें कोई मंत्र नहीं, कोई चमत्कार नहीं. ये हाथ की सफाई है और मेरे बच्चों की मेहनत." मी ऐकलं होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलंही होतं. ते छापलं असतं तर पत्रकात दमच उरला नसता, म्हणून मी ते छापलं नाही. खोट्याविरुद्धचं पत्रक, आणि त्याच्या मुळाशी हे.

त्या पंधरा ऑगस्टच्या आधीच्या उन्हाळ्यात मी भरवेलीला गेले होते. मोठीमायनं नेहमीसारखं ताट वाढलं. पत्रकाबद्दल तिनं एकदाच विचारलं, तेही पोळी तव्यावर टाकताना, पाठमोरी. "लेहिलं ते लेहिलं. पन त्या पोरीचं तं काही नाही न लेहिलं तू?" मला वाटलं, पिंकीबद्दल विचारते आहे. मी म्हणाले, "छे, तिचं काहीच नाही." ती म्हणाली, "मंग बरं," आणि माझ्या ताटात तूप जास्त वाढलं. मी मनात म्हणाले, समजली वाटतं चूक.

मोठीमायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पांगल्यावर मी मोठेबाबांजवळ बसले. मला कबुली द्यायची होती, पण तिथंही मी वाद घालायच्याच सुरात म्हणाले, "मोठेबाबा, दांडी होती. ती खोटं काहून बोलली?" त्यांनी विचारलं, "तुले माहीत नाही?"

"काय?"

"अवं, आटोत सांगतलं न तिनं सगळ्याईले. त्या पोरीले ताप होता. रिंग फिरोतानी हिचा हात लागला तं अंग तव्यासारखं. दांडीवर पडून कापून राह्यली होती. अन् तू चिल्लावली तशी ते हळूच म्हने, अम्मा, बोलना मत. आता सांग, कशी बोलन ते? खेळ सुटल्यावर मंडपामांगं गेली. डब्यातल्या पुऱ्या अन् तापाची गोळी देऊन आली. आम्ही अर्धा घंटा आटोत बसून. वसाहतीत कोनाले सांगू नका म्हने, पोरीचं काम जाईन."

विजूदादा दारातून म्हणाला, "आम्हाले वाटे तुले माहीत आहे. मायनंच सांगतलं होतं, प्रज्ञाले इचारलं म्हने, तिनं माह्यावर लेहिलं पन त्या पोरीचं नाव काढलं नाही. म्हने, पोरगी मनानं चांगली आहे." आणि मग त्यानं पुढचं सांगितलं. वसाहतीत कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर मोठीमाय 'पोरगी मनानं चांगली आहे' एवढंच सांगून त्यांचं तोंड बंद करायची. सात वर्षं... ज्या भल्या गोष्टीबद्दल ती माझी बाजू घेत होती, ती मी केलीच नव्हती. मला ती मुलगी दिसलीच नव्हती. मला फक्त दांडी दिसली होती.

दांडी होती, हे मी आजही म्हणते. भोंदूंना उघडं पाडलं पाहिजे, हेही म्हणते, आणि उद्याही पत्रक लिहीन. पण ज्यानं पहिल्याच वाक्यात हाथ की सफाई म्हणून सांगितलं त्याला मी भोंदू ठरवलं, आणि जी बाई तापानं फणफणलेल्या परक्या पोरीसाठी भरल्या मंडपात खोटं बोलण्याचा बोल स्वतःवर घ्यायला तयार झाली तिला मी खोटारडी ठरवलं. मी मोठेबाबांना म्हणाले, "मी हे सगळं छापते. ज्या ज्या दारात ते पत्रक गेलं होतं तिथं नेऊन देते." ते म्हणाले, "दे. पन तिच्या हाती नाही देता येनार तुले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उठताना माझं लक्ष त्यांच्या टीव्हीकडे गेलं. तो खोलीकडे पाठ करून ठेवलेला होता, तोंड खिडकीबाहेर, अंगणाकडे. मी विचारलं तेव्हा विजूदादा म्हणाला की मायनंच तसा फिरवून ठेवला. पोरं तिच्याबरोबर टॉकीजला येत नव्हती, पण अंगणात येऊन बसायला कोणाची मनाई नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती पिक्चर लावायची, अंगणात चटई टाकायची आणि पोरं तिच्याबरोबर बसली असं कोणी म्हणू नये म्हणून स्वतः आत, टीव्हीच्या मागे बसायची. तिला पडदा दिसायचा नाही. आवाजावरून ती बाहेरच्या पोरांना विचारायची, "आता काय झालं रे? सापडला का थो?" आणि पोरं ओरडून सांगायची.

परवाच्या पंधरा ऑगस्टला मी भरवेलीला गेले. या लेखाची तोवर लिहिलेली पानं पिशवीत होती, अजून एकाही दारात दिलेली नव्हती. अंगणात पिंकी आणि वसाहतीतली दहा-बारा पोरं चटईवर बसली होती आणि मोठेबाबांनी पिक्चर लावला होता. मी बाहेर बसू शकले असते. पण मी आत गेले, टीव्हीच्या मागे, जिथं तिचा पाट भिंतीला टेकवलेला होता, तो ओढून बसले. समोर नुसत्या वायरी आणि धूळ. पलीकडून मारामारीचा आवाज आला, पोरं ओरडली आणि मग एकदम गप्प झाली. पोरं वाट पाहत होती की आतून कोणीतरी विचारेल. शेवटी पिंकीनंच बाहेरून हाक मारली, "आत्या, इचार न."