ओवाळणीच्या साडीखाली

प्रेमला, हे छापून येणार आहे आणि तू "बाई, माझं कशाला लिवता?" म्हणणार आहेस. लिहिणार. गप्प बस.

मांजरी गावच्या उसात वाढलेली तू लग्नानंतर कोथरूडला आलीस आणि आमच्या सोसायटीमागच्या बालवाडीत पोरांना नाचून-गाऊन शिकवू लागलीस. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी बायकांचं पथनाट्य मंडळ काढलं, तेव्हा पहिली तुलाच ओढली. बाकीच्या पाठ केलेलं म्हणत, तू बोलायचीस.

तेव्हा आयटीवाल्यांच्या मागोमाग बिल्डर मांजरीत शिरले होते. जमिनीला भाव आला आणि भावांना एकाएकी बहिणी आठवू लागल्या, कारण हक्कसोडपत्रावर बहिणीची सही लागते. आमचं नाटक त्यावरच. भाऊबीजेला भाऊ पाटावर बसतो, बहीण ओवाळते, तो ताटात साडी ठेवतो आणि साडीखाली हक्कसोडाचा कागद. बहीण म्हणते, "ओवाळणी घेते, सही देत नाही."

दिवाळीच्या तोंडावर मांजरीत प्रयोग ठरला. तुझा चेहरा उतरला.

"बाई, मांजरी सोडून कुठंबी करू. दत्तोबा असंल तिथं."

दत्तोबा, तू कडेवर घेऊन वाढवलेला धाकटा भाऊ. दिवाळीनंतर सहीला ये, असा त्याचा निरोप आलेला.

"मग कोथरूडात करायचं? कोणापुढे? पार्किंगपुढे?" मी म्हणाले.

देवळापुढे गर्दी जमली. भाऊ झालेली आपली पूर्णिमा टोपी-मिशी लावून पाटावर बसली, तेवढ्यात दत्तोबा गर्दीतून पुढे आला.

"उठा ताई, मिशी पडंल. खरा भाऊ हाय की हितं!"

सगळे हसले. तो मांडी घालून बसला. "ओवाळ, आक्का."

तू ताट उचललंस. मी कडेनं पुढचं वाक्य सांगत होते, पण तुला ऐकूच येत नव्हतं. ओवाळून झालं. त्यानं हसत खांद्यावरचा पंचा साडी म्हणून ताटात टाकला. वाटलं, आता तू वाक्य गिळणार.

"ओवाळणी घेते, दत्तू. सही देत नाही."

'दत्तू' संहितेत नव्हतं. हसू थांबलं.

"नाटकातलंच बोलतीस ना, आक्का?"

"न्हाई."

तो ताडकन उठला. ताटाला धक्का लागून निरांजन फरशीवर आपटून चेपलं.

त्या दिवाळीत मांजरीच्या किती बहिणी सह्या न करता परतल्या! म्हाताऱ्या मथुराबाईंनी तर तुझंच वाक्य भावाच्या तोंडावर फेकलं. कलेनं समाज बदलतो असं मी वर्गात जन्मभर सांगितलं. खरंच बदलला तेव्हा टाळ्या आमच्या मंडळाला आणि माहेर गेलं तुझं.

भाऊबीजेला तू पाट मांडून बसलीस. फाटकाशी स्कूटर वाजली की उठायचीस. मीही उठायचे, उगीच. शेवटी गच्चीवर जाऊन, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, तू बीजेच्या चंद्रकोरीला ओवाळलंस. चेपलेलं निरांजन कलंडत होतं, तूप तुझ्या बोटांवर सांडत होतं.

"उद्या बुधवार पेठेत भांड्यांच्या दुकानात जाऊ, नवं आणू," मी म्हटलं.

"दत्तू आला की आणू, बाई. चंद्राला काय, वाकडंबी चालतं."

दरवर्षी मी विचारते. यंदा वसुबारसेला तर पिशवी घेऊनच दारात उभी राहिले. तू चपला घातल्यास, फाटकाकडे पाहिलंस आणि पुन्हा काढून ठेवल्यास. बुधवारात जायचं राहिलंच.